पोटावरची वाट

फुलाबाईला तिसरा मुलगा झाला तेव्हा हिर्डोशीच्या त्या घरात कुणी त्याचं तोंड नीट पाहिलं नाही. पाहिलं ते त्याच्या खालचं फडकं. सुईण अंबूबाईनं पाहिलं, सासू साळूबाईनं पाहिलं, आणि दिवस कलल्यावर बाजेवर पडल्या पडल्या फुलाबाईनं स्वतः हात घालून पाहिलं. फडकं मुतानं ओलं होतं. पण जन्मल्यावर पोराच्या पोटातून जी काळी चिकट शी पडते, तिचा डागसुद्धा नव्हता.

अंबूबाईनं आपली चोळखणाची पिशवी उचलली आणि ती उंबऱ्याबाहेर पडली. तिनं याच घरात याआधी दोन मुलगे बाहेर काढले होते, आणि दोन्ही आठवडाभराच्या आत मातीआड गेले होते. दोघांनाही हेच झालं होतं. शी नाही, दूध हिरवं होऊन उलटायचं, आणि पोट फुगत फुगत असं टणक व्हायचं की वरच्या शिरा निळ्या दिसायच्या. मधली मुलगी बाळी मात्र ठणठणीत होती. ती अंगणात कोंबड्यांमागं धावायची. त्या घराला मुलगी चालते, मुलगा चालत नाही, असं गावात बोललं जायचं. साळूबाईचेही दोन मुलगे तान्हेपणीच असे गेले होते. तिच्या पोटचा एक कोंडिबा तेवढा हाताला लागला होता.

पोराचं नाव ज्ञानू ठेवायचं असं कोंडिबानं आधीच म्हणून ठेवलं होतं. बारशाची वाट न बघता फुलाबाई त्याला त्याच नावानं हाका मारू लागली. नाव न घेताच आधीचे दोघे गेले होते, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ज्ञानूनं हिरवं ओकलं. साळूबाई उठली, तिनं चुलीतला जाळ पुढं ओढला आणि विळ्याचं टोक निखाऱ्यात खुपसलं.

"आत्याबाई, नगा," फुलाबाई म्हणाली.

"डाग दिल्याबिगर वारं मोकळं हुत न्हाई. पाय धर त्याचं."

आधीच्या दोघांचे पाय फुलाबाईनंच धरले होते. त्या किंकाळ्या तिला ठाऊक होत्या, आणि त्यानंतर वारं मोकळं झालं नव्हतं हेही ठाऊक होतं. तिनं पाय धरले नाहीत. पोराच्या फुगलेल्या पोटावर तिनं आपला तळवा पसरून ठेवला.

"हात काढ, फुले."

"न्हाई काढायची."

साळूबाई काही दुष्ट बाई नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या पाण्यातून तिला धड दिसतही नसावं. सून शेवटच्या क्षणी हात ओढून घेईल असं तिला वाटलं असेल. फुलाबाईनं हात ओढला नाही. विळ्याचं टोक तिच्या मनगटाच्या वरच्या अंगाला टेकलं, चर्र झालं, आणि साळूबाईच्याच हातातून विळा खाली पडला.

कोंडिबा दारात उभा होता. तो हाडापेरानं मोठा, बोलायला कमी माणूस. दोन सालांमागं नाचणीच्या शेतात रानडुकरानं त्याची मांडी फाडली होती, तेव्हा भोरच्या डॉक्टर गंगाधर बेहेऱ्यांनी ती शिवली होती. बायकोच्या हाताकडं बघून तो म्हणाला, "टोपली दे. भोरला जाऊ."

शेजारच्या कुंडलिकानं बैलगाडी जुंपली. चैताचं ऊन होतं. ओली बाळंतीण फुलाबाई गाडीत गवताच्या पेंढीला टेकून बसली, आणि नीरेच्या काठाकाठानं जाणाऱ्या त्या खडबडीत रस्त्यावर प्रत्येक धक्क्याला पोर कण्हत होतं. रडायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

डॉक्टर बेहेरे तेव्हा चाळिशीच्या आतले होते. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना होता, मागं बिऱ्हाड. त्यांनी ज्ञानूला टेबलावर घेतलं, पोटावर बोटं वाजवून पाहिलं, कान लावला, आणि मग खालची जागा पाहिली.

"वाट तर आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "मला वाटलं होतं बुजलेली असेल."

त्यांनी करंगळीला तेल लावलं आणि ती सावकाश आत घातली. करंगळी बाहेर काढली मात्र, आतून पिचकारीसारखी काळी हिरवी शी आणि वारा असा सुटला की डॉक्टरांचा सदरा, टेबल, भिंत सगळं भरलं. फुलाबाईच्या डोळ्यांदेखत ते टणक पोट खाली बसलं. पोरानं एक लांब श्वास घेतला आणि तोंड उघडून दूध शोधू लागलं.

फुलाबाई हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडात कोंबला. कोंडिबानं डॉक्टरांचे पाय धरले.

डॉक्टर हसत नव्हते. "ऊठ, कोंडिबा. हा बरा झालेला नाही."

त्यांनी हात धुतले आणि दोघांना समोर बसवलं. बोलताना त्यांनी आपलं धोतर सावरलं, पुन्हा सोडलं, पुन्हा सावरलं. "आतडं म्हणजे नुसती नळी नसते. ते आतलं अन्न पुढं ढकलत असतं, गांडूळ सरकतं तसं. याच्या आतड्याचा शेवटचा तुकडा ढकलतच नाही. निर्जीव असल्यासारखा आवळून बसलाय. वरचं सगळं त्याच्यामागं तुंबतं. तू मघाशी सांगितलंस त्या आधीच्या पोरांनाही हेच असणार. आणि तुझ्या भावांनाही."

"कशापायी पण?" कोंडिबानं विचारलं. "कुणाचं काय चुकलं आमच्याकडनं?"

"कुणाचं काही चुकलेलं नाही. असं का होतं ते आम्हालाही ठाऊक नाही. पुस्तकात दोन पानं आहेत, त्यात रोगाचं वर्णन आहे. उपाय फारसा नाही."

"मग?"

डॉक्टरांनी ज्ञानूच्या पोटावर डाव्या बाजूला बोट टेकवलं. "इथं छेद घ्यायचा. निर्जीव तुकड्याच्या वरचं चांगलं आतडं बाहेर काढून कातडीला शिवायचं. शी तिथून बाहेर पडेल. पोर जगायची आशा आहे त्यात. खात्री नाही. मी मोठ्या माणसांवर केलंय हे, एवढ्या लहानावर कधी केलेलं नाही."

कोंडिबाला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठून उभाच राहिला.

"म्हंजे जलमभर पोटातनं हागणार?"

"हो. निदान आज तरी तसंच."

"न्हाई साहेब. असलं पोर घिऊन म्या गावात कसा जाऊ? पंगतीला कोन बसवंल त्याला? पोरगी कोन दील?"

"अरे, पोरगी द्यायच्या आधी ते जगायला नको का?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"तुमी केलं तसं बोटानं करून पोट मोकळं हुतंय की."

फुलाबाई काही बोलली नाही. तिला बोलायचं होतं. पण पोर अंगावर पीत होतं, पोट मऊ होतं, आणि त्या मऊ पोटाला कुणी चाकू लावावा हे तिच्याही घशाखाली उतरत नव्हतं. पुढं तिला आठवायचं ते हेच. नवऱ्यानं नको म्हटलं खरं, पण त्या घटकेला तिनंही होय म्हटलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरांच्या बायकोनं मार्ग काढला. सौदामिनीबाई नवऱ्याच्या हाताखाली सगळं शिकल्या होत्या. गुंगीचं औषधसुद्धा त्याच द्यायच्या, कारण भोरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी फुलाबाईला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि रोज पोट धुवायला शिकवलं. उकळून निववलेलं पाणी, त्यात मीठ, बारीक रबरी नळी, वर नरसाळं.

"मिठाशिवाय पाणी घालायचं नाही, फुलाबाई. आणि जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर पोट असं चोळायचं, घाई करायची नाही. नळी जोरानं घालशील तर आतडं फाटेल."

"व्हय बाईसाहेब."

"मला करून दाखव."

फुलाबाईनं करून दाखवलं. भाजलेल्या हाताला फोड आलेले, तरी तिचा हात हलला नाही. सौदामिनीबाईंनी त्या फोडांना मलम लावलं आणि ते कशाचे म्हणून विचारलं नाही.

शिकून झाल्यावर फुलाबाई पोराला घेऊन घरी परतली. वैशाख गेला, जेठ गेला. रोज सकाळी फुलाबाई पाणी उकळायची, पोराला मांडीवर आडवं घ्यायची आणि नळी घालायची. बाया सुरुवातीला बघायला यायच्या, मग नाकाला पदर लावून निघून जायच्या, मग यायच्याच बंद झाल्या. साळूबाई तर त्या वेळी परड्यात जाऊन बसायची. ज्ञानूचं पोट मोठं, हातपाय काडीसारखे. पण तो हसायला लागला, बाळीकडं बघून हात मारायला लागला. एका सकाळी फुलाबाईला ताप होता. डोळे उघडले तर चुलीवर पाणी उकळत होतं आणि साळूबाई चिमटीत मीठ धरून उभी होती.

"किती घालू?" तिनं विचारलं. त्या दिवसापासून पाणी तीच उकळू लागली.

आवणीच्या दिवसांत फुलाबाई खाचरात वाकून रोप लावायची आणि बांधावर इरल्याखाली पोर निजलेलं असायचं. तेवढे दोन महिने तिला वाटलं, हे असंच चालेल. पोर मोठं होईल, आपलं आपण शिकेल.

भादव्यात ज्ञानूला ताप भरला. शी होत नव्हती ती एकाएकी आपोआप व्हायला लागली. पाण्यासारखी, आणि तिला असा वास की बाळी घरात येईना. फुलाबाईला क्षणभर वाटलं, वाट मोकळी झाली. पण पोट उतरत नव्हतं. उलट ते पुन्हा टणक झालं, आणि नळी घातली तर आत गेलेलं पाणी बाहेर येईना. पोराचे डोळे खोल गेले.

गाडी जाणं शक्य नव्हतं. रस्त्यावर ठिकठिकाणी माती आलेली, ओढे दुथडी भरून वाहत होते. कोंडिबानं पोराला टोपलीत घातलं, वरून घोंगडं पांघरलं आणि टोपली डोक्यावर घेतली. ओढ्यात पाणी त्याच्या छातीला लागलं. फुलाबाई त्याच्या कमरेच्या धोतराला धरून मागून चालत होती. मधल्या दगडावर त्याचा पाय सरकला, तो वाकला, पण टोपली वाकली नाही. पलीकडं पोचल्यावर त्यानं पहिल्यांदा घोंगडं उचलून पाहिलं.

"हाय," तो म्हणाला.

भोर गाठायला दुसरा दिवस उजाडला. डॉक्टरांनी पोट पाहिलं आणि खुर्चीत बसून घेतलं.

"आता विष रक्तात भिनायला लागलंय. छेद घेतला तर दहातली एक आशा. नाही घेतला तर तीही नाही."

फुलाबाई कोंडिबाकडं न बघता म्हणाली, "करा."

कोंडिबा भिंतीला टेकून खाली बसला होता. भिजलेल्या पागोट्यातून पाणी गळत होतं. "करा साहेब," तोही म्हणाला.

पाऊस थांबून उजेड आला तसं टेबल खिडकीपाशी ओढलं. दार लावून घेतलं. फुलाबाई ओसरीवर बसली. आतून भांड्यांचे आवाज येत होते आणि अधूनमधून डॉक्टर विचारत होते, "श्वास?" सौदामिनीबाई म्हणत होत्या, "आहे." एकदा त्या लवकर बोलल्या नाहीत. फुलाबाईनं भुईवर दोन्ही हात टेकले. मग आवाज आला, "आहे, चालू दे."

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी तिला आत नेलं. पोराच्या पोटावर डाव्या बाजूला लालभडक ओलं तोंड होतं. त्यातून शी वाहत होती आणि पोट खाली बसलेलं होतं. "आज मी डोळ्यांनी पाहिलं," डॉक्टर हळू म्हणाले. "वरचं आतडं तुझ्या मनगटाएवढं फुगलेलं, आणि खालचा तुकडा करंगळीएवढा. मध्ये नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं."

ज्ञानू शुद्धीवर आला. दुसऱ्या दिवशी प्यायला. ताप थोडा उतरला. दगडमातीचा रस्ता तुडवत साळूबाई एकटी भोरला येऊन पोचली. तिनं फडकं उचलून ते लाल तोंड पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग कोमट पाण्यात कापूस बुडवून भोवतीची कातडी पुसायला लागली. सुनेला म्हणाली, "तू नीज जरा."

पण पोराच्या अंगात टाके धरण्याइतकं मांस राहिलं नव्हतं. एका दुपारी त्याला खोकल्याची उबळ आली आणि जखम उसवली. डॉक्टरांनी पुन्हा शिवली. संध्याकाळ व्हायच्या आत ज्ञानू फुलाबाईच्या मांडीवर गेला. जाताना त्याचं पोट मऊ होतं. नदीच्या वरच्या अंगाला कोंडिबानं खड्डा घेतला.

निघायच्या आधी फुलाबाई डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"साहेब, चैतात केलं असतं तर?"

डॉक्टरांनी कोंडिबाकडं पाहिलं. तो ऐकत होता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नशिबात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित जगला असता."

ते ऐकून कोंडिबा आधी बाहेर पडला. वाटेत दोघांचं एकमेकांशी बोलणं झालं नाही, आणि घरी आल्यावरही कामापुरतंच होत राहिलं. फुलाबाई त्याला ताट वाढायची, त्याच्याबरोबर भात कापायची, पण त्याच्या तोंडाकडं बघायची नाही. तो कधी कधी बांधावर नुसता बसून राहायचा. एकदा त्यानं विचारलं, "तू का बोलली न्हाईस तवा?" ती खुरपं घेऊन दुसऱ्या खाचरात गेली.

मधे महायुद्ध सुरू झालं. फुलाबाईला पुन्हा दिवस गेले. ती माहेरी पासलीला गेली नाही, आईनं बोलावलं तरी गेली नाही. पासलीहून भोर म्हणजे मधे डोंगर. दिवस भरत आले तसं कोंडिबा कुंडलिकाकडं जाऊन गाडी मागून आला आणि ती दारातच उभी करून ठेवली.

मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी अंबूबाईनं फडकं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. डोळे मिटून पडलेल्या फुलाबाईला काही बोलावं लागलंच नाही. पोट फुगायची वाट न बघता कोंडिबानं पोर उचललं, बायकोला हाताला धरून गाडीत बसवलं, आणि साळूबाईनं न सांगता मीठ, फडकी, कोमट पाण्याचा तांब्या गाडीत ठेवला.

भोरला पोचल्यावर डॉक्टर काही बोलायच्या आत कोंडिबा म्हणाला, "करा साहेब. पोटावर वाट करा."

"सगळं समजून म्हणतोयस ना? ती पुढं बुजवता येईल असं मी सांगू शकत नाही."

"जगू द्या. बाकीचं आमी बघू."

या पोराच्या अंगात जोर होता. जखम भरली. त्याचं नाव सोनबा ठेवलं.

पुढचं काही सोपं नव्हतं. शी कुठल्याही वेळी व्हायची, कातडी सोलवटायची, आतडं कधी बोटभर बाहेर यायचं आणि फुलाबाईला ते ओल्या फडक्यानं हळूच आत सारावं लागायचं. युद्धात कापड मिळेनासं झालं तेव्हा फडक्यांचे हाल झाले. सौदामिनीबाईंनी आपली जुनी लुगडी फाडून दिली. साळूबाईनं मरेपर्यंत ती फडकी ओढ्यावर धुतली, इतर बाया तिला खालच्या धारेला बसवायच्या तरी. लग्नाच्या पंगतीला त्या घराला बोलावणं यायचं, पण सोनबाला पान वेगळं, गोठ्याच्या कडेला. कोंडिबा मग स्वतःचं पान उचलून त्याच्याशेजारी जाऊन बसायचा. बायकोला तो काही सांगायचा नाही, आणि तिनंही त्याला माफ केलं असं कधी म्हटलं नाही. पण पोराचं फडकं बदलताना दोघांचे हात एकमेकांना लागायचे, आणि ते ती मागं घेत नसे.

डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या सर्जनला विचारून पाहिलं होतं. तिकडंही अजून कुणाला खालचा तुकडा दुरुस्त करता येत नव्हता. "थांबा," ते दर खेपेला म्हणायचे. "काहीतरी निघेल." फुलाबाई मान डोलवायची.

युद्ध संपलं त्या साली सोनबा पाच वर्षांचा झाला. काटक, काळासावळा, पोटाला नेहमी फडकं गुंडाळलेलं. एका सकाळी फुलाबाई ओढ्याला पाण्याला निघाली. करवंदीच्या जाळ्यांपलीकडं गावची पोरं ओळीनं बसली होती, रोजच्यासारखी, एकमेकांना खडे मारत, हसत. त्या ओळीच्या टोकाला, थोडंसं अंतर ठेवून, सोनबाही बसला होता. चड्डी खाली, गुडघे छातीशी, इतरांसारख्याच कपाळाला आठ्या घालून जोर करत. खालून त्याला काही होणार नव्हतं. पोरं उठली तसा तोही उठला, त्यांच्यासारखाच ओढ्यात उतरून त्यानं बूड धुतलं, आणि चड्डी वर ओढत त्यांच्यामागं पळाला.

फुलाबाई जाळीआड उभी राहिली. पोरं लांब गेल्यावरच ती पाण्यात उतरली.